किमो चालू आहे, गणपतीला गावी जाऊ का?

श्रावण सरत आला की कोकणातल्या घरांमध्ये फोनवर एकच विचारणा सुरू होते: कोण कधी पोचतंय? यंदा आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक प्रश्न चिकटला. माझ्या थोरल्या जाऊबाईंची, मी त्यांना वहिनी म्हणते, स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो चालू होती. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा घ्यायच्या होत्या. तिसरी चतुर्थीच्या बारा दिवस आधी झाली. गुहागरकडच्या आमच्या मूळ घरात गणपतीचे पाच-सहा दिवस पंचवीस-तीस माणसं असतात.

काका, म्हणजे आमचे चुलत सासरे, म्हणाले, "घरच्या गणपतीला थोरली सून नाही म्हणजे कसं? बाप्पाच्या पायाशी आली की अर्धं दुखणं पळेल." नणंद कडाडली, "वेड लागलंय का? एकाला शिंक आली तरी महागात पडेल." दोघांच्याही बोलण्यात माया होती. दोघंही ऐकीव माहितीवर बोलत होते. आणि वहिनी शेजारच्या खोलीत हे सगळं ऐकत होत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा डॉक्टरांना, डे केअरमधल्या, म्हणजे किमो देतात त्या विभागातल्या, सिस्टरना विचारून विचारून जे समजलं, ते इथे सोप्या शब्दांत मांडते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे कळलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

दूध रोजचं, धान्य वर्षाचं

किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण शरीरातल्या काही चांगल्या पेशीही तशाच असतात: केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांच्या आतला मऊ मगज. म्हणून केस जातात, तोंड येतं. मगजाला बसलेला फटका मात्र बाहेरून दिसत नाही, आणि कोणी कधी कुणाला भेटावं हे सगळं त्याच्यावरच ठरतं.

रक्तातल्या पेशी या मगजात बनतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात. प्लेटलेट ७ ते १० दिवस. आणि जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्या काही तास ते फार तर काही दिवस. घरातल्या सामानासारखंच आहे हे. धान्य वर्षाचं भरलेलं असतं, भाजी आठवडी बाजाराची, दूध रोजचं. वाणी महिनाभर फिरकला नाही तरी घर चालतं. गवळी दोन दिवस आला नाही की चहा कोरा. निरोगी माणसाचा मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. किमोनंतर हा गवळी काही दिवस येत नाही, आणि सगळ्यात आधी दूध संपतं.

"काउंट पडले" किंवा "पेशी कमी झाल्या" असं वॉर्डात म्हणतात ते हेच.

आकडा कसा वाचायचा? सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा असतो. तो साधारण ४,००० ते ११,००० असावा लागतो. त्याखाली न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागायचं. समजा पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर हाती उरले ७२०. हा आकडा १,५०० च्या खाली गेला की कमी, ५०० च्या खाली गेला की धोक्याचा. नुसता एकूण आकडा बघून "बरे आहेत की" म्हणू नये. आम्ही पहिल्या खेपेला तीच चूक केली होती.

एकवीस दिवसांचं पंचांग

हा आकडा रोज सारखा नसतो, आणि या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच आहे. किमोचा दिवस पहिला धरला, तर २१ दिवसांच्या सायकलमध्ये बहुतेक औषधांनी काउंट साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात आणि मग चढू लागतात. एकविसाव्या दिवसापर्यंत मगज सावरतो, म्हणून तर पुढची किमो तेव्हा ठेवतात. काहींना किमोनंतर चोवीस तास उलटले की काउंट वाढवायचं इंजेक्शन देतात. त्याने तळ लवकर सरतो, पण कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. ते दुखणं औषधाचं आहे हे माहीत नसलं की घरचे उगाच घाबरतात.

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने १ ते २१ आकडे टाकले. चतुर्थी आली तेराव्या दिवसावर. गौरी येणार सोळाव्याला, पूजन सतराव्याला, विसर्जन अठराव्याला. पुढची किमो बावीस म्हणजे नवीन एक. कागदावर हे दिसलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा घरातला वाद थंडावला. स्थापनेला जायचं नाही. चौदाव्याला रक्त तपासायचं, आकडा बरा असला तर पंधराव्याला निघायचं, गौरींना पोचायचं, एकोणिसाव्याला परत. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आकडा १,५०० च्या वर असू दे, मग जा." आला २,१००.

हे पंचांग सगळ्यांचं एकच नसतं. काहींना दर आठवड्याला थोडी थोडी किमो असते, त्यांचा हिशेब वेगळा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये काउंट आठवडेच्या आठवडे तळाला राहू शकतात, आणि मगज बदलला असेल तर नियम फारच कडक असतात. तिथे हा लेख लावू नका. "आमच्या पेशंटचे काउंट साधारण कितव्या दिवशी पडतात आणि कितव्या दिवशी भरतात?" हा प्रश्न मात्र सगळ्यांनीच विचारावा.

"मग एवढ्या भानगडीपेक्षा खोलीतच ठेवलेलं काय वाईट?"

नणंदेचा हाच मुद्दा होता आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण काउंट पडलेले असताना होणारे बरेचसे जंतुसंसर्ग बाहेरच्या माणसांकडून येतच नाहीत. ते रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातल्या, आतड्यातल्या, कातडीवरच्या जंतूंमुळे होतात. एरवी हे जंतू गुण्यागोविंदाने नांदतात. राखण करणारं कोणी नसलं की कुंपण ओलांडतात. दार कितीही लावून घेतलं तरी हे जंतू आतच आहेत. तेव्हा तोंडाची स्वच्छता, मऊ ब्रश, साध्या पाण्याच्या किंवा मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्या, यांचं महत्त्व आत्याला दारात अडवण्यापेक्षा जास्त आहे.

याचा अर्थ आत्या खोकत असली तरी चालेल असा नाही. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेले, अंगावर पुरळ असलेल्या माणसाने त्या दिवशी यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. कांजिण्यांचं विशेष लक्षात ठेवा. ज्याच्या अंगावर उद्या फोड उठणार आहेत, ते मूल आजच कांजिण्या पसरवत असतं. रुग्ण अशा मुलाच्या जवळ आल्याचं नंतर कळलं, तर काही होतंय का याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

पोलिओच्या थेंबांबद्दल तर फार थोड्यांना माहीत असतं. तोंडावाटे देतात त्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो पुढे काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडत राहतो. निरोगी माणसाला त्याची फिकीर नाही. पण किमो चालू असलेल्या आजीने किंवा काकूने अशा बाळाचे लंगोट, डायपर बदलू नयेत, आणि घरातल्या बाळाचा डोस जवळ आला असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना आधी सांगावं. बाळाचे डोस चुकवायचे मात्र नाहीत. उलट घरातल्या बाकीच्यांनी फ्लूचं इंजेक्शन घेतलं तर चांगलंच. त्यातला विषाणू मेलेला असतो.

गर्दीपेक्षा कोंदट जागा वाईट. पडवीत वारा खेळत असताना दहा माणसं बसली तर चालतं, दार लावलेल्या माजघरात एसीखाली चार जण दाटीने बसले तर ते वाईट. वहिनींची खुर्ची आम्ही पडवीच्या कडेला ठेवली. पायरीपाशी साबण आणि बादली. लहानांपासून थोरांपर्यंत सगळे हात धुऊनच वर यायचे. प्रसादाआधी हात धुण्याची सवय असतेच, तीच जरा ठळक केली.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पत्रकात वाचायला मिळत नाही कारण ती आपल्याकडचीच आहे. वर्षभर बंद असलेलं घर गणपतीसाठी उघडतात. जळमटं, माळ्यावरची धूळ, पावसाने भिंतीला आलेली बुरशी, सगळं एकदम झाडलं जातं. ही बुरशीची धूळ श्वासातून जाणं कमी काउंट असलेल्या माणसाला खरंच घातक ठरू शकतं. साफसफाई रुग्ण पोचायच्या निदान दोन-तीन दिवस आधी उरकलेली हवी. दूर्वा खुडणं, मातीत हात घालणं, निर्माल्य उचलणं ही कामंही तिला देऊ नयेत. धूप आणि कापूर देवापाशी जरूर, तिची खुर्ची लांब.

"हात लावला, जवळ घेतलं तर काही होईल का?"

हा प्रश्न लोक मोठ्याने विचारत नाहीत. कप वेगळा ठेवतात, मुलांना हळूच मागे ओढतात. आमच्या घरातही एकीने ते केलं, आणि वहिनींच्या ते लक्षात आलं.

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. स्पर्शाने नाही, उष्ट्याने नाही, एका अंथरुणात झोपल्याने नाही. काही कॅन्सरमागे विषाणू असतात, जसा यकृताच्या कॅन्सरमागे कधी कधी हेपॅटायटिस बी, पण तेव्हाही पसरतो तो विषाणू, आणि त्याला लस आहे. कॅन्सर पसरत नाही.

किमोचं औषध काही दिवस लघवी, शी, उलटी यांतून बाहेर पडतं. किमोनंतरचे ४८ तास शौचालयात दोनदा पाणी सोडायचं, उलटी साफ करताना हातमोजे घालायचे, माखलेले कपडे वेगळे धुवायचे. कुशीत घेण्याचा, डोक्यावरून हात फिरवण्याचा याच्याशी संबंध नाही.

रेडिएशनचं काय? मशीनखाली झोपवून बाहेरून जे किरण देतात, त्याने माणूस किरणोत्सारी होत नाही. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसं मशीन बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत. त्याच संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्या. अपवाद आहेत ते ठाऊक असू द्या. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी जेव्हा किरणोत्सारी आयोडीन देतात, तेव्हा औषध अंगातच असतं. त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला जवळपास ८ दिवस लागतात, म्हणून लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहायला सांगतात. काही जणांच्या शरीरात किरणोत्सारी दाणे कायमचे बसवतात, त्यांनाही अशीच सूचना असते. पेट स्कॅनच्या, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढतात त्या स्कॅनच्या, दिवशी हेच, पण काही तासांपुरतं. तिथल्या औषधाचा किरणोत्सार सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो.

अधूनमधून "आमच्या मुलींनाही होईल का गं?" अशी कुजबुज येते. एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक दोषातून येतात. घराण्यात कमी वयात, एकापेक्षा जास्त जणांना झाला असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा. गौरीच्या जेवणाच्या पंगतीत ही चौकशी करू नये.

ताटात काय, तीर्थात काय

किमोत सगळं कच्चं बंद, फळं बंद, घराबाहेरचं बंद, असा कडक आहार पूर्वी सर्रास सांगत. त्याने संसर्ग कमी होतो असं नीट केलेल्या चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. आता भर आहे तो स्वच्छतेवर: ताजं, नीट शिजलेलं, नीट धुतलेलं. या कसोटीवर आपला उकडीचा मोदक अव्वल उतरतो. वाफेतून थेट ताटात, वर तूप. चालणार नाही ते असं: कच्च्या दुधाचं पंचामृत, सगळ्यांच्या पळीने सगळ्यांच्या तळहातावर गेलेलं तीर्थ, सकाळी वाटून दुपारपर्यंत उघडी राहिलेली ओल्या खोबऱ्याची चटणी, न उकळलेलं विहिरीचं पाणी. तीर्थाला नाही कसं म्हणायचं हा वहिनींना पडलेला खरा पेच होता. गुरुजींनीच सोडवला. म्हणाले, "डोळ्यांना लावा, पोचतं."

किमोने चव आणि वास दोन्ही बदलतात. तोंडात पत्रा चघळल्यासारखी चव येते, फोडणीचा वास पोटातून ढवळून काढतो. आवडीची म्हणून केलेली काळ्या वाटाण्याची आमटी रुग्णाने बाजूला सारली, तर तो करणारीचा अपमान नसतो. आतड्याच्या आणि पोटाच्या काही कॅन्सरमध्ये एक औषध देतात, ऑक्सॅलिप्लॅटिन. त्यानंतर काही दिवस थंड काही लागलं की बोटांना झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. अशा पाहुण्याला दारातच गार कोकम सरबत पुढे केलं तर तो बिचारा नको म्हणेल. कोमट पाणी विचारा.

आणि काढे. प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांच्याकडे गुळवेल असते. स्वयंपाकातली हळद, आलं, जिरं याला कुणाची ना नाही. पण मूठभर पाल्याचा काढा, हळदीच्या गोळ्या, "इम्युनिटी वाढवणारं" चूर्ण हे डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद ज्याने त्याने कसाही सोडवावा, पण किमोच्या कित्येक औषधांचा निचरा यकृतातूनच होतो, आणि त्याच दिवसांत यकृतावर आणखी ओझं टाकायची जोखीम कशाला? आम्ही काकांना सांगितलं, "तुमची गुळवेल डॉक्टरांना दाखवली, शेवटच्या किमोनंतर बघू म्हणाले." काका खट्टू झाले नाहीत, कारण त्यांच्या मायेची दखल घेतली गेली होती.

उन्हाळ्यातली विहीर

कॅन्सरचा थकवा म्हणजे दमणूक नव्हे. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. हा थकवा झोपून जात नाही. मे महिन्यातल्या विहिरीसारखं आहे: सकाळी चार कळश्या मिळतात, मग दोर तळाला आपटतो. पाझर भरायला थांबावंच लागतं, ओरडून पाणी वर येत नाही. मात्र विहीर अजिबात उपसली नाही तर पाझरही मंदावतो, तसंच नुसतं झोपून राहिल्यानेही थकवा वाढतो. अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालणं हा यावरचा सिद्ध झालेला उपाय आहे.

म्हणून नातेवाइकांच्या घरी राहायचं तर कळश्या मोजायच्या. वहिनींनी आधीच सांगितलं होतं: सकाळची आरती आणि गौरीपूजन, बाकी काही नाही. त्यांच्यासाठी आतली एक खोली मोकळी ठेवली, तिला आतून कडी होती. कडी हवीच. एकत्र कुटुंबात दार लोटून "झोपलीस का गं?" विचारणाऱ्या सहा जणी असतात, आणि प्रत्येकीला हसून नाही म्हणण्यात एकेक कळशी जाते. ठरवून ठेवलेलं एक माणूसही हवं, जे पाहुण्यांना सांगेल की आता पुरे. हे रुग्णाने स्वतः सांगायची वेळ येऊ नये. आमच्याकडे ते काम माझ्या पुतणीने घेतलं, सोळा वर्षांच्या मुलीने, आणि काय चोख बजावलं!

बोलायचं काय?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क यांनी २०१३ मध्ये बॅरी गोल्डमन यांच्यासोबत एक साधी आकृती सुचवली होती. मधोमध रुग्ण. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात नवरा किंवा बायको, मुलं. त्याबाहेर भावंडं, मग चुलत-मावस, मग शेजारी. नियम एकच: आतल्या वर्तुळाकडे आधार जायचा, आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे. म्हणजे चुलत सासूने वहिनींपुढे "मला तर बाई झोपच येत नाही तुझ्या काळजीने" म्हणायचं नाही; ते तिने तिच्या बहिणीला सांगावं. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला. मला रडायचं होतं, आणि कुणापाशी रडायचं ते कळलं.

"पॉझिटिव्ह राहा" हेही जपून. न्यूयॉर्कच्या जिमी हॉलंड या डॉक्टरांनी कॅन्सर रुग्णांच्या मनाचा अभ्यास हीच आपली शाखा केली होती, आणि सतत सकारात्मक राहायची सक्ती रुग्णावर जुलूम होते असं त्या सांगत. भीती वाटली, रडू आलं, तर आपणच आपला आजार वाढवतोय असं त्याला वाटू लागतं. तसं काही नसतं. "कशामुळे झाला गं? तू तर बाहेरचं काही खायची नाहीस", "आमच्या ओळखीतल्या एकीला असाच झाला होता, गेली", या दोन वाक्यांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवावं. त्यापेक्षा "बसू का जरा?" पुरे. किंवा नेहमीच्या गप्पा: आंब्याला मोहर कधी आला होता, कुणाचं कुठे जुळलं. आजाराबाहेरचं जग अजून चालू आहे आणि त्यात आपली जागा आहे, हे रुग्णाला अशा गप्पांतूनच कळतं.

कुणाला किती सांगायचं हेही रुग्णानेच ठरवावं. आमच्याकडे नव्वदीतल्या आजेसासूबाईंना सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "मी डोक्याला रुमाल बांधून समोर बसणार आणि त्यांना कळणार नाही? मीच सांगते." सांगितलं. आजी बराच वेळ त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. पूजनाच्या दिवशी गजरे वाटताना सगळ्या अवघडल्या, तेव्हा आजींनीच एक गजरा उचलून वहिनींच्या मनगटाला गुंडाळला आणि गौरीपुढचा सुपांचा ओवसा घ्यायला पुढे हो म्हणाल्या.

"एवढा खटाटोप करून मिळतं काय?"

२००६ साली अमेरिकेत स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,८३५ नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना माणसांचा गोतावळा होता, त्यांच्या तुलनेत एकाकी असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून माणसांनी कॅन्सर बरा होतो असं कुणी म्हणू नये. बरा करतात ती औषधं, शस्त्रक्रिया, किरण. पण वेळेवर गोळी देणारं, दवाखान्यात सोबत येणारं, "आज जेवलीस का?" विचारणारं कुणी असलं की उपचार तडीला जातात, एवढं तर आपल्यालाही दिसतं.

परळला टाटा मेमोरियलच्या आसपास फिरलं तर याची दुसरी बाजू दिसते. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी विदर्भातलं, मराठवाड्यातलं एखादं जोडपं महिनोन्‌महिने राहतं. त्यांचा सगळा गोतावळा गावात. अशांना रोज रात्री ठरलेल्या वेळी गावाकडून आलेला व्हिडिओ कॉलही पुरतो, मात्र तो तब्येतीच्या चौकशीचा नको. म्हैस व्यायली ते दाखवा, पोरांचं भांडण ऐकवा.

ताप आला तर

प्रवासाला निघताना एवढं मात्र घोटून ठेवा. किमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीची वेळ. सकाळपर्यंत बघू नाही, आरती होऊ दे नाही. एरवी जखम चिघळली की लालसर होते, पू धरते. तो पू बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. त्याच नसतील तर ना पू, ना सूज. आत आग लागली तरी धूर दिसत नाही. ताप हीच बरेचदा एकुलती एक खूण, आणि पॅरासिटामॉल घेऊन ती पुसून टाकायची नाही. आधी थर्मामीटर, मग डॉक्टरांना फोन, मग ते सांगतील ते. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे, म्हणून दारात पाय ठेवताच सांगायचं: "किमो चालू आहे, ताप आहे."

आम्ही थर्मामीटर नेला, शेवटचा रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, चिपळूणमध्ये रात्री-अपरात्री घेणारं रुग्णालय कुठलं ते आधी फोन करून विचारलं, आणि एक गाडी डिझेल भरून अंगणात उभीच ठेवली. तिथवर पोचायला दीड तास. हा वेळ चार तासांचा असता, तर डॉक्टर नाही म्हणाले असते आणि आम्हीही गेलो नसतो. गाडीची गरज पडली नाही.

एकोणिसाव्या दिवशी वहिनी परतल्या, चौथी किमो ठरल्या दिवशी झाली. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. ते आता तब्येत कशी आहे विचारत नाहीत.

"दिवाळीच्या पाडव्याला कितवा दिवस येतो?"

"सहाव्या किमोचा सहावा."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज. "म्हणजे उतार. मग पाडवा फोनवर. तुळशीच्या लग्नाला सतरावा येतोय बघ. तेव्हा आम्हीच येतो तिकडे, चौघंच. ऊस घेऊन येतो."